स्ट्रॅटफर्डच्या देवळांतील वही

शेक्सपिअरच्या नाटकांविषयीं आमच्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे व यापुढेंही लिहिलें जाईल. त्या वाङ्मयास हात घालण्याचा आमचा आज विचार नाहीं. त्याच्या गांवीं, एव्हन नदीच्या कांठीं, होली ट्रिनिटी नांवाचें चर्च आहे. तेथील जुन्या नोंदवहीच्या पानांचीं छायाचित्रें मध्यंतरीं आमच्या पाहण्यांत आलीं आणि कित्येक दिवस दुसरें कांहीं वाचावेंसें वाटलें नाहीं.

अशा वह्या इंग्लंडांत गांवोगांव आहेत. इ. स. १५३८ मध्यें आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानें हुकूम काढला कीं, प्रत्येक पॅरिशमध्यें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद पाद्र्यानें दर रविवारीं करावी, वही दोन कुलपांच्या पेटींत ठेवावी, आणि हयगय झाल्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड भरावा. सरकार माणसें मोजूं लागलें म्हणजे मागाहून पट्टी बसते, ही रयतेची धास्ती सर्व देशांत सारखीच. तेथेंही लोक कुजबुजलेच. दोन वर्षांनीं क्रॉमवेलचा शिरच्छेद झाला, पण हुकूम राहिला. पुढें १५९८ च्या सुमारास जुन्या वह्या चर्मपत्रावर उतरून घेण्याची आज्ञा झाली. मात्र निदान एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या, नोंदी तरी उतराव्या, अशी तींत सवड होती. लिहिण्याचा कंटाळा कोणत्या कारकुनास नसतो? पुष्कळ ठिकाणीं आरंभींचीं वीस वर्षें त्या एका सवडीपायीं नाहींशीं झालीं. स्ट्रॅटफर्डची वहीही १५५८ पासूनच सुरू होते, आणि तिचा पहिला भाग हा असाच उतारा आहे.

तींत २६ एप्रिल १५६४ या तारखेस लॅटिनमध्यें एक ओळ आहे: जॉन शेक्सपिअरचा मुलगा विल्यम. जन्मतिथि नाहींच, २३ एप्रिल ही लोकांनीं मागाहून ठरविलेली. जॉनच्या मार्गारेट नांवाच्या मुलीचें दफन ३० एप्रिल १५६३ रोजीं, म्हणजे एकच वर्षापूर्वीं, याच वहींत नोंदलेलें आहे. आणि विल्यम अडीच महिन्यांचा होतो न होतो तोंच, ११ जुलै रोजीं, ऑलिव्हर गन नांवाच्या एका शिकाऊ कामगाराच्या दफनाशेजारीं तीन शब्द येतात. त्यांचा अर्थ: येथें प्लेग सुरू झाला. वर्ष संपेपर्यंत त्या लहानशा गांवांतील दोनशेंवर माणसें गेलीं. १८९६-९७ च्या मुंबई-पुण्याच्या गोष्टी ज्यांनीं घरांतल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील, त्यांस त्या तीन शब्दांचा अधिक खुलासा नको. पुढच्या दफनांत आम्ही त्या तान्ह्या मुलाचें नांव पाहत गेलों. तें तेथें नाहीं हें ठाऊक असूनही बोट पानावरून हळूहळूच सरकत होतें.

बाप्तिस्म्याच्या ओळींत बापाचें नांव आहे, आईचें नाहीं. सुझॅना, हॅम्नेट, ज्यूडिथ या विल्यमच्या तिन्ही मुलांच्या ओळींतही अ‍ॅन कोठें दिसत नाहीं. ८ ऑगस्ट १६२३ रोजीं तिचें दफन झालें तेव्हां वहींत पडलें तें नुसतें ‘मिसेस शेक्सपिअर’. विवाहाची नोंद तर येथें मुळींच नाहीं. त्यासंबंधींचें जामीनखत वूस्टरच्या बिशपच्या दप्तरांतलें, २८ नोव्हेंबर १५८२ चें. आणि सुझॅनाचा बाप्तिस्मा २६ मे १५८३ चा! वहीनें महिने मोजले नाहींत, विद्वानांनीं मात्र मोजले. असो. आमच्या घराण्याची वंशावळ नऊ पिढ्यांची आहे. तींत एकाही बाईचें नांव नाहीं. आमच्या आजीनें सहा मुलें वाढविलीं, आणि कागदावर आजोबा व वडील यांच्यामध्यें एक उभी रेघ तेवढी आहे. तेव्हां त्या इंग्रज कारकुनास नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं.

हॅम्नेट व ज्यूडिथ हीं जुळीं. त्यांचा बाप्तिस्मा २ फेब्रुवारीचा. वहीच्या हिशेबानें साल १५८४, आजच्या हिशेबानें १५८५, कारण १७५२ पूर्वीं इंग्लंडांत कायद्याचें नवें वर्ष २५ मार्चला लागे. पाडव्याला वर्ष बदलणाऱ्यांस यांत नवल वाटूं नये. हॅम्नेट अकरा वर्षांचा असतांना गेला. ११ ऑगस्ट १५९६ ची एवढीशी ओळ. कशानें गेला हें लिहिलेलें नाहीं. तिच्यावर पुढें ग्रंथ रचले गेले व डेन्मार्कच्या राजपुत्राच्या नाटकाशीं तिची गांठ घातली गेली. आम्हांस हा खटाटोप फारसा पटत नाहीं. मुलगा गेल्याचें बापास दुःख झालें, यास नाटकाचा पुरावा कशास हवा?

ज्यूडिथकडे मात्र फारसें कोणी वळत नाहीं. १० फेब्रुवारी १६१६ रोजीं थॉमस क्विनीशीं तिचें लग्न झालें. अडीच महिन्यांत, २५ एप्रिलला, बापाचें दफन. तिच्या पहिल्या मुलाचें नांव शेक्सपिअर ठेविलें होतें; तो पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत गेला. उरलेले दोघे, रिचर्ड व थॉमस, १६३९ च्या आरंभीं एकामागून एक गेले. तिला लिहितां येत नसावें. १६११ च्या एका खतावर साक्षीदार म्हणून तिनें सहीऐवजीं निशाणी केली आहे. ९ फेब्रुवारी १६६२ रोजीं, सत्याहत्तर वर्षांची होऊन, तिचें दफन झालें. वहींत ओळ आहे: थॉमस क्विनीची पत्नी ज्यूडिथ. या खेपेस कारकुनानें नांव लिहिलें.