टे नदीची डबी, नर्मदेचं पाणी
(नर्मदेच्या काठाकाठाने : मागील अंकावरून पुढे)

कार्तिक शुद्ध एकादशी, शहपुरा

स्टेशनच्या पाटीवर भिटोनी, गाव मात्र शहपुरा. बाहेर पडलं की पहिल्यांदा दिसतात त्या मटारच्या गोण्या. जबलपूर जिल्ह्याचा मटार दूरदूरच्या बाजारांत जातो आणि शहपुरा-पाटणची शेतं त्यासाठी नावाजलेली. हंगाम नुकता उघडतोय, त्यामुळे आडत्यांच्या आवाजात अजून उत्साह आहे. इटारसी–जबलपूर हा लोहमार्ग १८७० साली पुरा झाला आणि मुंबई-कलकत्ता रुळांनी जोडली गेली. इथून पुढे गोटेगावला जाताना गाडी नर्मदा ओलांडते. माझं काम त्या पाण्याशी.

मुक्काम काकांकडे. घर तीन पिढ्या जबलपूरकडचं, बोलणं अर्धं मराठी, अर्धं बुंदेली वळणाचं. काकूंनी दारातच काठीची पिशवी ओळखली. ‘आज प्रबोधिनी एकादशी. देव उठले आहेत, तू मासे उठवू नकोस.’ नर्मदेच्या काठावर हे गमतीचं बोलणं नव्हे. रस्त्याने परिक्रमावासी चालू लागलेत, त्यांत पांढऱ्या कपड्यांतली मराठी मंडळी बरीच. त्यांच्यासमोर गळ टाकत बसणं मलाही बरं वाटलं नसतं.

मग दुपार गेली डबी उघडून बसण्यात. स्कॉटलंडमध्ये डंडीला असलेल्या भाच्याने ही डबी पाठवली आहे. तो टे नदीवर सॅमन धरायला जातो आणि मामानेही हीच विद्या नर्मदेत आजमावावी असं त्याचं म्हणणं. काकांनी वर्तमानपत्र पसरलं, मी एकेक नग मांडत गेलो.

पहिले स्पिनर. मेप्स हे फ्रेंच नाव यात सर्वांत प्रसिद्ध. एक तार, तिच्याभोवती गरगरणारं धातूचं पातं, मागे तीन तोंडांचा गळ. निवडताना लोक रंग बघतात, पण आधी बघावा तो पात्याचा आकार. गोलसर पातं तारेपासून लांब उघडून फिरतं, हळू ओढलं तरी थांबत नाही आणि स्पिनरला वर उचलून धरतं, म्हणून ते संथ, उथळ पाण्याचं. लांबट, निमुळतं पातं तारेला लगटून फिरतं, पाण्याचा रेटा कमी घेतं आणि खोल राहतं. ते धावत्या पाण्याचं. वेगाच्या धारेत गोल पातं टाकलं तर ते पृष्ठभागावर येऊन नाचतं, आणि तळाशी बसलेल्या माशाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग चमचे, म्हणजे स्पून. स्वीडनचा टोबी सॅमनवाल्यांचा जुना लाडका. तो धड फिरत नाही, डोलत-लचकत येतो. पातळ आणि रुंद चमचा हळू पाण्यात जास्त डोलतो; जाड आणि अरुंद चमचा लांब फेकला जातो, चटकन बुडतो. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल याने १८५२ साली असल्या आमिषाचं पेटंट घेतलं. जेवता जेवता हातातला चमचा तळ्यात पडला आणि माशाने झेपावून धरला, त्यातून त्याला हे सुचलं अशी गोष्ट सांगतात. खरी असेलच असं नाही, पण मासे धरणाऱ्यांच्या गोष्टींत ही त्यातल्या त्यात पटण्याजोगी.

तिसरा नग काकांना सर्वांत आवडला : डेव्हन. करंगळीएवढी नळी, तोंडाशी दोन पंख, आणि सगळं शरीरच तारेवर गिरक्या घेतं. लाकडी डेव्हन हलका, तो उतरलेल्या पाण्यात. पितळी जड, तो फुगलेल्या थंड पाण्यात. म्हणजे आकार तोच, रंग तोच, फक्त वजन बदलायचं. याची खोड एकच, त्याच्या गिरक्यांनी तंगूसला पीळ बसतो आणि संध्याकाळपर्यंत रिळावर गुंता तयार. म्हणून मध्ये चांगली भिंगरी लावायची, तीही मोकळी फिरणारी. स्वस्तातली भिंगरी घेऊन महागाचा डेव्हन वापरणारे लोक मी पाहिले आहेत.

ब्रिटनमध्ये गळाला लागलेला सर्वांत मोठा सॅमन टे नदीतलाच. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी तो धरला, ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोंचा. आमिष होतं पाण्यात फिरत जाणारा डेस जातीचा छोटा मासा. माशी लावून धरलेला सॅमन तो खरा, स्पिनरवाले दुय्यम, असं मानणारी शिष्ट मंडळी तिकडे आहेत. शंभर वर्षं तो विक्रम मोडलेला नाही, आणि तो माशीवरचा नाही, हे त्यांना कुणी सांगत असेल का?

काकांनी सगळं ऐकून विचारलं, ‘पण हे लोखंड मासा खाईल कशाला?’ प्रश्न बरोबर होता. सॅमन समुद्रातून अंडी घालायला नदीत चढतो तेव्हा खाणं सोडतो, पोट आक्रसतं. तरी तो फिरत्या पात्यावर तुटून पडतो. रागाने, जागा राखायला की जुन्या सवयीने, यावर तिकडे आजही वाद चालतो.

द्वादशी

पहाटे झांसीघाटाकडे. मच्छीमार समितीच्या माणसाला काल संध्याकाळीच विचारून ठेवलं होतं. त्यांच्या दोन अटी : जाळ्यांच्या डोहात टाकायचं नाही, आणि बाडस लागला तर सोडायचा. दोन्ही मान्य. बाडस म्हणजे नर्मदेचा महासीर, शास्त्रीय नाव टॉर टॉर, २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा. मी तीन तोंडांचे गळ काढून एकेरी गळ लावले आणि त्यांचे काटे पक्कडीने दाबून टाकले, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही.

नाववाले दादा ढीमर समाजाचे, वय साठीच्या पुढे. नावेत बसल्यावर त्यांनी डबीकडे पाहिलंच नाही. काठावरच्या एका खडकाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘पहले पानी देखो बाबूजी.’ खडकावर ओल्या रेषेचा पट्टा होता, सध्याच्या पाण्याच्या हातभर वर. रात्री बरगीतून पाणी सुटलं होतं, आता उतरतंय.

नदीचं सारं गणित इथे बदललं आहे. बरगी धरण जबलपूरच्या वरच्या अंगाला. ४५-४५ मेगावॅटचे दोन संच तिथे वीज करतात. वीज हवी तेव्हा पाणी सुटतं, नको तेव्हा थांबतं, आणि तो चढउतार काही तासांनी शहपुऱ्याच्या काठाला लागतो. पूर्वी नदी ऋतूने चढायची, आता घड्याळानेही चढते. टेकाठी भाचा सकाळी एकदा वजन ठरवतो आणि दिवसभर तेच वापरतो. इथे एका सकाळीत जड चमच्यापासून हलक्या स्पिनरपर्यंत यावं लागलं. पाणी अजून ओढीचं होतं तेव्हा लांबट पात्याचा स्पिनर आडवा, किंचित खालच्या अंगाला फेकला आणि तंगूस ताणून नुसता धरला. धार स्वतःच त्याला कमानीत फिरवून काठाकडे आणते. रीळ ओढायचं ते केवळ पातं थांबू नये इतकं. काठीच्या टोकात बारीक थरथर जाणवते. ती बंद पडली की समजावं, पातं गवतात अडकलं किंवा पाणी मेलं. पाणी उतरल्यावर गोल पातं, आणि फेक वरच्या अंगाला.

एक बाडस दिसला. खडकाच्या सावलीतून निघाला, सोनेरी खवल्यांची एक कूस चमकली, स्पिनरच्या मागे नावेच्या लांबीइतका आला आणि आरामात वळून गेला. घाई नाही, भीती नाही. दादा हसले.

परतताना घाटावर त्या हसण्याचा अर्थ कळला. एक म्हातारी आट्याच्या गोळ्या सोडत होती. पायऱ्यांपासून दोन हातांवर पाणी उकळल्यासारखं झालं आणि त्यात तेच रुंद सोनेरी खवले, जाड ओठांची तीच तोंडं. गोळी वर तरंगत असतानाच ओठ पुढे येतात, नळीसारखे लांबतात, आणि गोळी आत. चावणं नाही, झडप नाही, ओढून घेणं. हिमालयातला महासीर मासे मारून खाण्यात पुढे. नर्मदेतल्या बाडसाचं पोट शेवाळ, पाणवनस्पती आणि शिंपल्या-गोगलगाईंवर भरतं. चमच्याला तो क्वचित बळी पडतो. सॅमन उपाशी असून लोखंडावर झेपावतो, हा खाऊनपिऊन सुखी असून ढुंकून पाहत नाही! मद्रासचे मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’त महासीरला सॅमनपेक्षा झुंजार ठरवलं, आणि तेव्हापासून साहेब लोक या देशभर चमचे फेकत फिरले. पण थॉमस यांचा अनुभव दक्षिणेकडच्या नद्यांवरचा. सगळे महासीर एका स्वभावाचे नाहीत.

त्रयोदशी

मग आज बाडसाचा नाद सोडला आणि पढिनच्या मागे लागलो. आपल्याकडचा शिवडा तो. लांब सुरीसारखं शरीर, अंगावर खवले नाहीत, तोंड डोळ्यांच्याही मागेपर्यंत फाटलेलं. हा पूर्ण मांसाहारी आणि अंधार पडताना उथळात येणारा. म्हणजे सॅमनची डबी इथे कामाची होती, फक्त मासा दुसरा शोधायचा होता.

संध्याकाळी पाणी गढूळसर होतं, वरून सुटलेलं असावं. सॅमनवाल्यांचा नियम असा की स्वच्छ पाण्यात लहान आणि चंदेरी किंवा काळं, गढूळ पाण्यात मोठं आणि तांब्या-सोन्याच्या रंगाचं. तांबट रंगाचा जाड टोबी लावला. दादांनी नाव अशी आणली की एका बाजूला पळती धार, दुसऱ्या बाजूला डोहाचं थांबलेलं पाणी, मध्ये फेसाची रेघ. त्या रेघेवर चमचा उतरवायचा, थोडं बुडू द्यायचं, मग ओढ-थांब, ओढ-थांब. चमचा बुडत असतानाच झटका बसतो, ओढताना कमी वेळा.

तसंच झालं. थांबलो आणि तंगूस बाजूला चालू लागलं. शिवडा उडी मारत नाही, तळाला दाबून धरतो आणि मान हलवत राहतो. प्रत्येक हलवणं कोपरापर्यंत येतं. नावेशी आल्यावर दादांनी हात घालू दिला नाही. जबड्यात बारीक दातांचे पट्टे असतात, बोट गेलं तर कातडी सोलून निघते. ओलं फडकं, लांब नाकाची पक्कड, दाबलेल्या काट्याचा एकेरी गळ : अर्ध्या मिनिटात सुटला. हा मात्र दादांच्या टोपलीत गेला, समितीच्या हक्काचा मासा. त्यांनी चमचा हातात घेऊन पहिल्यांदा नीट पाहिला, अंगठ्याने पुसला आणि म्हणाले, ‘पढिन के लिए ठीक है.’

रात्री काकांनी जुने दिवस काढले. त्यांच्या लहानपणी बाजारात बाडसाचे तुकडे वजनावर मिळत. १९६० च्या दशकात संशोधकांनी होशंगाबादकडे नर्मदेच्या मासेमारीची पाहणी केली तेव्हा महासीर हा पकडीतला प्रमुख मासा होता. मग धरणं झाली. अंडी घालायला पावसाळी पुरात वर चढणाऱ्या माशाला भिंत चढता येत नाही, आणि पूरच येत नाही तिथे तो निघणार कधी? सरकारी बंदी १६ जून ते १५ ऑगस्ट, प्रजननाच्या काळासाठी. जाळी तेवढी थांबतात.

मी त्यांना लोणावळ्याचं सांगितलं. डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी दख्खनच्या महासीरची अंडी आणि पिल्लं यांचा अभ्यास केला. वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महासीरची पिल्लं तयार करून इतर राज्यांतही पाठवली गेली. महाडजवळ वाळणकोंडीत तर महासीर देवाचे मासे म्हणून राखलेत, भाविक त्यांना कुरमुरे टाकतात. काकू म्हणाल्या, ‘मग आमच्या घाटावरची म्हातारी काय वेगळं करत होती?’

चतुर्दशी

काठी बाहेर काढली नाही. चमचे गोड्या पाण्याने धुऊन पुसले, गळांची टोकं नखावर घासून पाहिली. टोक नखावर घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. संध्याकाळी स्टँडवर मुगाचे मंगोडे आणि खोव्याची जलेबी. याहून जास्त लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

पौर्णिमा

भेडाघाटची कार्तिकी जत्रा. धुवांधारच्या तुषारात लोक भिजत उभे, संगमरवराच्या पेट्या आणि शिवलिंगं विकणारे ओरडत होते, आणि पाळण्यांचे कर्णे एकमेकांवर कुरघोडी करत होते. एवढ्या प्रपाताच्या खालच्या डोहात मासे असणारच, पण आजच्या दिवशी तसा विचार मनात आणणारा मी एकटाच असेन. दिवे सोडायची वेळ होण्याआधी निघालो, कारण शेवटची जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली की थांबत नाही.

उद्या बरमानघाटाकडे. भाच्याला निरोप पाठवला आहे : डेव्हन परत पाठवतोय, बाकीचे राहू देत, पुढच्या खेपेला तांबट टोबी दोन जास्तीचे दे, एक दादांना हवाय.