आधी पाणी कुठे जाणार?

कोकणात आमच्याकडे घराचं जोतं आखण्याआधी म्हातारी माणसं एकच विचारायची, "पाणी कुठे जाणार?" पडवी कुठे, माजघर कुठे, देव कुठल्या भिंतीला, ते सगळं नंतर. गवंडी दोरी घेऊन खोळंबलेला असायचा आणि आजोबा अजून वरच्या अंगाला उतार बघत फिरत असायचे.

आठवतात ना ती घरं? जोतं कमरेएवढं, जांभ्याच्या चिऱ्यांचं. मागे डोंगराच्या बाजूला चर, म्हणजे वरून येणारं पाणी घराला शिवण्याआधीच दोन्ही अंगांनी वळायचं. कौलारू छप्पर भिंतीच्या बरंच पुढे आलेलं, त्यामुळे पागोळ्या लांब पडायच्या. त्या जिथे पडायच्या त्या रेघेत गोटे पसरलेले, नाहीतर धारेनं जमीन उकरायची आणि चिखल जोत्यावर उडायचा. दोन पाख्या मिळायच्या तिथे पोफळीचं खोड उभं चिरून, आतून पोखरून केलेली पन्हळ. तिच्याखाली हंडा, हंडा भरला की घंगाळ, घंगाळ भरलं की कळशी, आणि कळशीही भरली की आई म्हणायची, "जाऊ दे आता माडाला." मग ते पाणी आधी अळवाला, अळवाकडून केळीला, केळीकडून माडाच्या आळ्यात. उरलंसुरलं पऱ्याला. आमच्या छपरावरचं पाणी इतक्या जणांना भेटल्याशिवाय वाडीबाहेर जात नसे.

आगोटीची कामं ठरलेली. कौलं चाळायची, झड्या बांधायच्या, लाकडं पडवीत रचायची आणि चर उपसायचा. चराचं काम आम्हा पोरांकडे. वर्षभराचा पातेरा ओढून काढायचा आणि माडांच्या मुळाशी टाकायचा. मृगाआधी चर मोकळा झाला नाही, तर पानावर बसल्यावर बोलणी खावी लागत.

आणि गडगे! चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. फटींतून पाणी निघून जायचं, माती मागे राहायची. पाण्यावरून भांडणं व्हायची, नाही असं नाही. पण रीत सगळ्यांना ठाऊक होती. खालच्यानं पाण्याची वाट बुजवायची नाही, आणि वरच्यानं सगळं पाणी गोळा करून एकाच मोरीतून दुसऱ्याच्या अंगणात सोडायचं नाही. वरून आपसूक वाहत येणारं पाणी खालच्यानं येऊ द्यावं, हे तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही आहे. आमच्या आळीत तो कुणी वाचला नव्हता.

आता स्लॅब आला. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि कोकणात तो पडतोच, तर १०,००० लिटर पाणी होतं. एक अख्खा टँकर. ते पाइपांतून खाली येतं, अंगणात पेव्हर ब्लॉक असल्यानं मुरत नाही आणि थेट रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या दारात जातं. कंपाउंडची भिंत सिमेंटची, तिला एक भोक नाही. मागे पाणी तुंबतं, माती फुगते आणि एखाद्या आषाढात भिंत आडवी होते. मग म्हणतात, पाऊस फार झाला. पाऊस तेव्हाही फारच असायचा. मला सगळ्यात लागतं ते हे, की त्याच घरी मे महिन्यात विकतचा टँकर येऊन उभा राहतो.

तुम्ही घर बांधणार असाल, तर एक पावसाळा जाऊ द्या. भर आषाढात छत्री घेऊन जागेवर उभे राहा, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं ते पाहा आणि खुणेच्या काठ्या रोवा. छप्पर दोन हात पुढे काढा, भिंतीला खाली भोकं ठेवा, पाइपाचं तोंड जोत्यापासून लांब शोषखड्ड्यात सोडा, निम्मं अंगण तरी मातीचं राहू द्या. आणि नकाशा काढायला देण्याआधी खालच्या अंगाच्या शेजाऱ्याला विचारा. त्या जागेचं पाणी त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.