टोरांटोच्या छपरातलं बाळंतपण

आम्ही मराठवाड्यातल्या तेर गावची माणसं माळवदाखाली वाढलेली. तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि सगळ्यावर चोपून बसवलेली पांढरी माती. ही पांढरी गावाभोवतीच्या टेकाडांतली. याच टेकाडांतून सातवाहनकाळचे मणी आणि शंखाच्या बांगड्या निघतात आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेला तो ठेवा आज गावच्या संग्रहालयात आहे. अशा गावचा माणूस टोरांटोच्या स्कारबरो भागात मुलीकडे राहायला गेला की पहिलं नवल घराचंच वाटतं. भिंती लाकडाच्या चौकटीवर ठोकलेल्या जिप्समच्या पाट्यांच्या. बर्फ साचू नये म्हणून छप्पर दोन्ही बाजूंनी उतरतं. त्या छपराच्या आणि खोलीच्या छताच्या मध्ये घरभर पसरलेली पोकळी, तिला अ‍ॅटिक म्हणतात. तिथं कुणी राहत नाही, कुणी चढत नाही. थंडी अडवण्यासाठी गुलाबी काचतंतूंचा वीतभर थर तेवढा पसरलेला. कपाटाच्या खोलीत वर एक चौकोनी झाकण असतं, तीच तिकडची वाट.

मे महिन्यातल्या एका रात्री त्या पोकळीत कुणीतरी चालू लागलं. उंदराची खुडबुड आम्हाला ठाऊक आहे, ही ती नव्हती. वजनदार पावलं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मध्येच थांबत. मी उठून बसलो. ही म्हणाली, "अहो, वर माणूस आहे." जावई दारात येऊन म्हणाले, "बाबा, रॅकून आहे. झोपा तुम्ही."

ओळखायचं कसं, ते सकाळी त्यांनीच दाखवलं. दिवसा धावपळ ऐकू आली तर खार. भिंतीत बारीक कुरतडणं असेल तर उंदीर. अंधार पडल्यावर जड पावलं बाहेर जातात आणि उजाडायच्या आत परत येतात, तो रॅकून. छपराच्या कडेखालची अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी एका कोपऱ्यात वाकवून फाडलेली होती, तिच्या धारेला करड्या केसांचा झुपका अडकलेला. पावसाचं पाणी उतरणाऱ्या नळावर चिखलाचे ठसे होते. ते पाहताना मी थबकलोच. पाच बोटं, प्रत्येक बोट सुटं, तळवा स्पष्ट. मुलीनं सांगितलं नसतं तर शेजारचं लहान मूल नळाला हात लावून गेलं असंच मी समजलो असतो.

संध्याकाळी अंगणातून ती रॅकूनची मादी दिसली. मोठ्या बोक्याहून थोराड, डोळ्यांवर काळा पट्टा, शेपटीला काळी वलयं. पाच ते दहा किलो वजनाचं हे जनावर त्या नळावरून डोकं खाली करून उतरलं. मागचे पंजे उलट दिशेला वळत असल्यामुळे त्याला ते जमतं. उतरल्यावर ती गवतात न बघता चाचपत राहिली, नजर आमच्याकडे आणि हात आपल्या कामात. रॅकूनच्या मेंदूत स्पर्शाचं काम पाहणारा बराचसा भाग या पुढच्या पंजांसाठी राखलेला असतो. या पंजांपायी टोरांटो महापालिकेनं २०१६ पासून ओल्या कचऱ्याचे नवे, फिरत्या कडीचे डबे घरोघर दिले, आणि तरीही काही रॅकूननी ते उघडल्याच्या चित्रफिती लोकांनी काढल्या.

एकदा भरदुपारी कपाटाच्या खोलीत बारीक, चिवचिवीसारखं रडणं ऐकू आलं. वर पिल्लं होती. तिथून माझं खरं आश्चर्य सुरू झालं.

आधी घरच्यांनी सौम्य उपाय केला. मादीला अंधार आणि शांतता हवी असते, म्हणून झाकणाशी दिवा लावून ठेवायचा आणि माणसांच्या बोलण्याचा रेडिओ चालू ठेवायचा, अशी तिकडे रीत आहे. हिनं रेडिओऐवजी फोनवर कीर्तन लावलं. आमच्या तेरच्या संत गोरोबाकाकांचे अभंग रात्रभर त्या पोकळीत घुमले. बाई काही हलली नाही. मग वन्यप्राणी काढणाऱ्या माणसाला बोलावलं.

तो आला तो पिंजरा न घेता. त्याचा पहिला प्रश्न पिल्लांचा होता. रॅकूनची मादी साधारण नऊ आठवडे गाभण राहते, वसंतात तीन ते पाच पिल्लं देते आणि एकटीनं वाढवते. नराचा त्यात हात नसतो. पिल्लं वर असताना भोक बुजवलं तर ती आत उपाशी मरतात आणि आई आत शिरण्यासाठी उरलेलं छप्पर फाडते. मी विचारलं, पकडून लांब जंगलात का सोडत नाही? तो म्हणाला, कायद्यानं बंदी आहे. ऑन्टॅरियो प्रांतात पकडलेलं रानटी जनावर एक किलोमीटरच्या आतच सोडावं लागतं. लांब नेलं की त्याला ना बिळं ठाऊक असतात, ना पाणी, शिवाय त्याच्यासोबत रोगही नव्या मुलखात जातो. २०१५ च्या डिसेंबरात जवळच्या हॅमिल्टनमध्ये रॅकूनांत रेबीज आढळला आणि सरकारला लशीची आमिषं रानोमाळ टाकावी लागली.

जनावर लांब नेऊन सोडल्यावर काय होतं, हे जगानं पाहिलेलंही आहे. १९३४ मध्ये जर्मनीतल्या एडर तलावाकाठी मोजके रॅकून सोडले गेले, आज तिथलं कासेल शहर त्यांच्या उपद्रवानं बेजार आहे. जपानमध्ये १९७७ साली रॅकूनच्या पिल्लाची कार्टून मालिका गाजली, घरोघरी पिल्लं आणली गेली, मोठी झाल्यावर सोडून दिली गेली. आता ती शेकडो वर्षांच्या लाकडी देवळांच्या आढ्यांत शिरतात. त्रिविक्रमाचं विटांचं प्राचीन देऊळ ज्या तेरमध्ये आहे, तिथल्या माणसाला हे ऐकून कसंसंच होतं.

रॅकून काढायला आलेल्या त्या माणसानं तोंडाला मास्क, हातात जाड मोजे घातले आणि तो वर चढला. रॅकून एकाच जागी विष्ठा करतात, तिच्यात एका जंताची अंडी असू शकतात आणि ती माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या, पोटात गेली तर मेंदूपर्यंत इजा होते. म्हणून ती जागा कोरडी झाडायची नाही, ओली करून उचलायची आणि उकळतं पाणी ओतायचं. नातीला त्यानं अंगणाबाहेरच उभं केलं.

त्यानं पिल्लं एकेक करून खाली आणली. चार होती. डोळे नुकते उघडलेले, त्यांवर काळा पट्टा. ऊबदार खोक्यात घालून त्यानं ते खोकं छपरावर भोकाशेजारी टेकवलं. भोकावर एकाच बाजूला उघडणारं जाळीचं दार बसवलं, आतून ढकललं की उघडतं, बाहेरून उघडत नाही. छपराच्या बाकीच्या फटी त्यानं अर्ध्या इंचाच्या जस्ती जाळीनं बंद केल्या.

रात्री आम्ही सगळे दिवे मालवून खिडकीत बसलो. दार खडखडलं, ती बाहेर आली. खोकं हुंगलं, दोन पायांवर उभी राहून आमच्या खिडकीकडे पाहिलं. मग एका पिल्लाची मानगूट तोंडात धरून कुंपणावरून अंधारात गेली. बराच वेळ काही नाही. नात कुजबुजली, "आजोबा, बाकीच्यांना विसरली का?" ती आली. प्रत्येक फेरीला परतली, आणि खोकं रिकामं झाल्यावरही एकदा येऊन तिनं त्यात हात घालून तळ चाचपला. अशा मादीच्या परिसरात दोन-चार आडोसे ठरलेले असतात, त्यातल्या एखाद्यात तिनं बिऱ्हाड हलवलं असणार.

याच शहरात जुलै २०१५ मध्ये भर रस्त्यात एक रॅकून मरून पडला होता. महापालिकेची गाडी येईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याच्याभोवती फुलं आणि मेणबत्त्या ठेवल्या. आधी मला ते अतिलाडाचं वाटलं असतं. त्या रात्रीनंतर वाटलं नाही.

आपल्याकडे रॅकून नाही, उदमांजर आहे. तेही निशाचर, तेही फळं आणि उंदीर खाणारं, तेही जुन्या वाड्यांच्या आढ्यांत पिल्लं घालणारं. मराठवाड्यात लोक त्याला मसण्याऊद समजून काठ्या घेऊन धावतात, धूर करतात, विष ठेवतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नं त्याला संरक्षण दिलेलं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. टोरांटोत मी पाहिली तशी, आई आणि पिल्लांची ताटातूट न करण्याची काळजी घ्यायला फारसा खर्च लागत नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत काही आठवडे कळ काढायची, ती आईमागे बाहेर पडली याची रात्री खात्री करायची आणि मग जाळी ठोकायची. तुमच्या माळवदावर किंवा माळ्यावर रात्री पावलं वाजली तर काठी उचलू नका. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक टोल-फ्री आहे, तो लावा.