हिंदमाता ते ऐहोळे

हिंदमाता म्हटले की मुंबईकराला दोनच गोष्टी आठवतात: पावसाळ्यात रस्त्यावर तुंबणारे पाणी आणि बारा महिने भरलेली कापडाची दुकाने. या दुकानांतले अस्सल खण गुळेदगुड्डचे आणि इरकली लुगडी इळकलची. ही दोन्ही गावे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, बदामी-ऐहोळ्याच्याच मुलखात आहेत. आमच्या बायकांच्या अंगावर तो मुलूख पिढ्यान्‌पिढ्या आहे. पाहिलेला मात्र फार थोड्यांनी.

आमच्या आईची गोष्ट निराळी. तिचे बालपण बागलकोटात गेले. तिचे वडील मुंबई सरकारच्या महसूल खात्यात कारकून होते, कारण विजापूर, धारवाड, बेळगाव हे जिल्हे तेव्हा मुंबई राज्यातच होते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची नवी मांडणी झाली, हे जिल्हे म्हैसूर राज्याकडे गेले आणि आजोबा बिऱ्हाड घेऊन परळला आले. त्याच महिन्यात आईच्या शाळेची सहल ऐहोळ्याला निघायची होती. ती राहिली ती राहिलीच! आई तेव्हा बारा वर्षांची होती, आता ऐंशी उलटली आहे. “मेगुतीचं देऊळ तेवढं बघायचं राहिलं,” हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले होते, की गेल्या दिवाळीच्या सुटीत निघायचे ठरलेच.

पण ठरवणे निराळे आणि गाडी मिळणे निराळे. मुंबईहून सोलापूर-विजापूरमार्गे बदामीला थेट रेल्वेगाडी जाते. पण दिवाळीत तिची तिकिटे मिळतील तर शपथ! मग भाड्याची मोटार ठरवली. निघायच्या आदल्या रात्री मालकाचा निरोप आला, की गाडीला परवाना फक्त महाराष्ट्रापुरता आहे. वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो: भाड्याच्या मोटारीची पाटी पिवळी असते, आणि 2021 पासून अखिल भारतीय पर्यटक परवाना एकदा काढला, की राज्याराज्यांच्या नाक्यांवर निराळा कर भरावा लागत नाही. ज्याच्याजवळ तो नाही, त्याला सीमा ओलांडायला तात्पुरता परवाना काढणे आले. तेव्हा मोटार ठरवताना भावाआधी परवान्याची चौकशी करावी.

शेजाऱ्यांना तर आयताच विषय मिळाला. “सीमेवर कधी काय होईल नेम नाही!” ते म्हणाले. बोलणे अगदीच खोटे नव्हते. 2022 च्या डिसेंबरात आणि पुन्हा 2025 च्या फेब्रुवारीत तंटा पेटला, तेव्हा कर्नाटकात जाणाऱ्या एसटीच्या फेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या होत्या. मी आईकडे पाहिले. ती पिशवीत शिधा भरत होती. “सोलापूरपर्यंत रेल्वे मिळते ना? पुढचं पुढे बघू,” एवढेच तिने सांगितले.

रात्रभर बसून सोलापूर गाठले आणि तिथून विजापूरची एसटी धरली. महाराष्ट्रात पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटीचा प्रवास 2022 पासून फुकट आहे. पण तो सीमेपर्यंतच. कंडक्टरने आईचे पुढच्या टप्प्याचे तेवढे पैसे घेतले. भीमेचा पूल ओलांडला. दोन्ही तीरांना तोच ऊस, तीच काळी माती. आई म्हणाली, “म्हणजे सीमा ही तिकिटावरच दिसते म्हणायची!”

विजापुरात एक टॅक्सी केली. ड्रायव्हरला मराठी कामापुरते येत होते, आम्हांला कानडी मुळीच नाही. बोलणे भाड्यावर अडले, तोच आई पुढे झाली. “तम्मा, ऊट आय्ता?” तिने विचारले. जेवलास का, धाकट्या? इतक्या वर्षांत घरात एकदाही न उच्चारलेली ती भाषा तिच्या ओठी जशीच्या तशी होती. ड्रायव्हर हसला, तिला ‘अव्वा’ म्हणू लागला, आणि भाड्याचा प्रश्न तिथेच मिटला.

बदामी म्हणजे चालुक्यांची राजधानी वातापी. तांबड्या कड्यात कोरलेली चार लेणी. पहिल्यात अठरा हातांचा नटराज, तिसऱ्यात इसवी सन 578 चा लेख. तिथून बावीस किलोमीटरवर पट्टदकल. कांचीच्या पल्लवांवर पतीने मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात बांधवलेले विरूपाक्ष मंदिर इथे आहे. वेरूळचे कैलास ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचे वडीलघर भेटल्यासारखे वाटेल.

शेवटी ऐहोळे. मेगुतीचे देऊळ टेकडीवर आहे. आईला खाली बसवून ठेवावे असे आमचे मत. पण ड्रायव्हरने तिचा हात धरला आणि दर दहा-बारा पायऱ्यांना थांबत ती दोघे आमच्या आधी वर पोचली!

या जैन मंदिराच्या भिंतीत रविकीर्ती कवीचा 634 सालचा लेख आहे. भाषा संस्कृत, लिपी जुन्या कानडी वळणाची. त्यात कालिदास आणि भारवी यांची नावे आहेत, हर्षाचा पराभव आहे. आणि दुसरा पुलकेशी हा नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती झाला, असेही कोरले आहे. मुलीने हे मोठ्याने सांगताच माझा ऊर भरून आला. मी ड्रायव्हरला म्हटले, “बघा, आमच्या महाराष्ट्राचं नाव!” तो शांतपणे म्हणाला, “राजा आमचा, साहेब.”

क्षणभर कोणी बोलेना. मग आईने त्या दगडावरून, न शिवता, हात फिरवल्यासारखे केले. “दोघांचंही खरं आहे,” ती म्हणाली. “राजा एकच होता, तेव्हा वाटणी कसली?”

मला वाटते, यापेक्षा निराळा निवाडा त्या दगडानेही दिला नसता. त्याच्यावरचा महाराष्ट्र जवळजवळ चौदाशे वर्षांचा. नकाशावरचा 1960 चा. सीमा असायचीच, परवाने काढावे लागायचेच. पण आपल्या नावाचा इतका जुना दाखला शेजाऱ्याच्या घरात जपून ठेवलेला आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे शेजाऱ्याशी बोलण्याचा सूर बदलतो.

परतताना गुळेदगुड्डला थांबून आईने दोन खण घेतले. हिंदमाताला काही मिळत नाहीत असे नव्हे. एक तिने स्वतःला ठेवला, आणि दुसरा ड्रायव्हरच्या हाती दिला, त्याच्या आईसाठी.