पायाखालचं सागवान

लाकडी जमिनीचं घर भाड्याने हवं, तेही चांगल्या वस्तीत, असं जळगावात किंवा धुळ्यात कुणी म्हटलं, की दलाल त्याला रिंग रोडला, महाबळला नाहीतर देवपुरात नेतो. तिथल्या नव्या इमारतींत पायाखाली जे दिसतं ते बहुतेक वेळा लाकडाचं चित्र असतं. कुठे व्हिट्रिफाइड फरशीवर छापलेल्या रेषा, कुठे दाबलेल्या भुशाच्या पट्टीवर चिकटवलेला कागद. भाडं द्यायचं ते पत्त्याचं. माझं म्हणणं असं आहे, की खानदेशात खरी लाकडी जमीन या महागड्या वस्त्यांत शोधूच नये. ती जुन्या पेठांतल्या माड्यांवर आहे, पुष्कळ ठिकाणी कुलपात आहे, आणि ती वाचावी असं वाटत असेल तर ती भाड्याने दिली गेली पाहिजे. तिच्यावर कुणीतरी रोज चाललं पाहिजे.

खानदेशाच्या घरात लाकूड आधी डोक्यावर आलं. खाली माती, शेणाने सारवलेली. वर सातपुड्याच्या सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा बांबू, आणि सगळ्यावर मातीचा जाड थर, म्हणजे धाबं. घरावर मजला चढला तेव्हा खालच्याचं छत हीच वरच्याची जमीन झाली. त्या फळ्यांवरही अनेक घरांत माती पसरून सारवण केलं जाई. उघड्या फळ्या राहिल्या त्या बसाउठायच्या खोल्यांत. हे सांगायला हवं, नाहीतर जुनं प्रत्येक घर लाकडी जमिनीचं होतं असा गोड गैरसमज होईल. या माड्या उभ्या राहिल्या त्या गावांच्या भरभराटीच्या काळात. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी नवं धुळे सरळ गल्ल्यांत आखलं. त्या गल्ल्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात. जळगावला अमेरिकेतल्या यादवी युद्धाने हात दिला. १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, जळगाव पूर्व खानदेशाचं ठाणं बनलं, आणि व्यापाऱ्यांबरोबर वकील आणि कारकूनही भाड्याची खोली शोधत पेठांत आले. माडी भाड्याने देणं ही या गावांची जुनीच रीत आहे.

मग त्या माड्या बंद का पडल्या? वारसदार पुण्या-मुंबईला गेले, भावाभावांच्या वाटण्या अडल्या, ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्याइतकंच मोठं कारण भाड्याच्या कायद्यात आहे. मुंबई प्रांताच्या १९४७च्या कायद्याने, जी जागा १ सप्टेंबर १९४० रोजी भाड्याने दिलेली होती तिचं त्या दिवशीचं भाडंच प्रमाण मानलं. भाडेकरूला संरक्षण मिळालं, आणि त्या दिवसांत ते हवंच होतं. पण वर्षं उलटली, महागाई वाढली, आणि मालकाच्या हाती येणाऱ्या पैशात एक फळी बदलणंही परवडेना. एकदा दिलेली खोली परत मिळत नाही ही भीती घराघरांत बसली ती कायमची. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने चित्र पुष्कळ बदललं. जुन्या भाडेकरूच्या भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करता येते. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की जागा परत मागता येते. करार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. कायदा बदलून पाव शतक झालं, तरी मनातली भीती मात्र १९४७चीच राहिली आहे. तिच्यापायी माडी रिकामी राहते.

रिकाम्या माडीत लाकूड लवकर मरतं. सागाच्या गाभ्यात तेल असतं, वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. पण पांढुरक्या बाहेरच्या लाकडाला ती लागते आणि भिंतीत गाडलेल्या टोकांना ओल धरते. माणूस राहत असेल तर पहिल्याच पावसात गळती दिसते, दुसऱ्या दिवशी कुणीतरी धाब्यावर माती टाकतं. कुलूप असेल तर ती गळती तीन पावसाळे तुळईत मुरते. मग माडी उतरवली जाते, सागवान घनफुटाच्या भावाने विकलं जातं, आणि त्याच लाकडाचे दरवाजे आणि पलंग नव्या वस्तीतल्या घरांत जातात, तिथल्या छापील लाकडाच्या फरशीवर. याउलट, वापरातलं लाकूड कसं टिकतं ते जळगावच्या श्रीराम रथात दिसतं. त्याची परंपरा १८७२ पासूनची. तो लाकडी रथ कार्तिकी एकादशीला गावातून ओढला जातो, चाकाखाली लाकडी मोगरी लावून त्याला आवरणारे जाणते हात चाकांपाशी असतात. दरवर्षी ओढायचा आहे, म्हणून दरवर्षी त्याचा सांधा न् सांधा कुणीतरी पाहतं. माडीचंही तसंच आहे.

पहिला आक्षेप उन्हाचा. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, अशा ठिकाणी वरच्या मजल्यावर राहायचं? धाबं काढून पत्रे टाकले असतील तर राहू नये, हे मी सरळ मान्य करतो. पण दीड-दोन वीत मातीखाली दुपार पुष्कळ सुसह्य होते. पाय ठेवताच गार लागण्याचं सुख फरशी देते, लाकूड देत नाही, हेही खरं. ग्रॅनाइटमधून उष्णता लाकडाच्या दहापटीहून अधिक वेगाने वाहते. तोच हिशेब धुळ्याच्या जानेवारीत उलटा होतो. पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा फरशी पायातली ऊब ओढून घेते, फळी ती राहू देते. शिवाय इथला पाऊस कोकणाच्या चौथाईच्या आसपास, म्हणून लाकडाला हा मुलूख मानवतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जुनं घर पडलं तर? इथे भावनेने उत्तर देऊ नये. तीस वर्षांपुढच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेण्याची तरतूद महापालिकांच्या कायद्यात आहे. ती झाल्याशिवाय आणि जुनी वायरिंग बदलल्याशिवाय कुणी माडीवर बिऱ्हाड नेऊ नये. गाडी लावायला जागा नाही, ही तक्रारही खरी आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे तोडगा नाही. तिसरा आक्षेप असा, की अकरा महिन्यांचा पाहुणा लाकडाला कशाला तेल लावील? लावणार नाहीच. पण अकरा महिने ही सवय आहे, कायद्याची सक्ती नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार तीन वर्षांचाही नोंदवता येतो, आणि धाब्याची माती कुणी टाकायची, फळीचा खर्च कुणी सोसायचा, हे त्यातच लिहिता येतं.

म्हणून जमीन पाहायला गेलेल्याने आधी वर पाहावं, धाबं आहे की पत्रे. मग खाली येऊन, तुळई भिंतीत शिरते तिथे बोटाने ठोकावं. पोकळ आवाज आला तर जिना उतरावा. भरीव आला तर मालकाच्या पुण्यातल्या मुलाला फोन लावून तीन वर्षांची मुदत मागावी.