शिखरजीच्या वाटेवरचे ओझे

जालन्याची थंडी पहाटेपुरतीच असते. दुकान उघडून तासभर होतो न होतो तोच मफलर गळ्यातून गल्ल्याशेजारी येतो. त्यामुळे पौषात सम्मेद शिखरजीला निघणाऱ्या येथील कुटुंबांचा अंदाज हमखास चुकतो. बॅगांत ठेवणीतल्या शाली भरपूर असतात. वारा अडविणारे वस्त्र मात्र एकही नसते.

मनमाडला गाडी बदलून, गयेवरून पारसनाथ स्टेशन आणि तेथून मधुबन, एवढा प्रवास बसून होतो. पुढे सुमारे १३६५ मीटर उंचीचा पर्वत. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना, नऊ किलोमीटर उतार; आणि कित्येक श्रावक-श्राविका तो अनवाणी करतात. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांच्या या निर्वाणभूमीकडे पावले वळतात ती रात्री दोन-तीनच्या सुमारास. चढताना अंग घामाने भिजते आणि माथ्यावर उघडा वारा लागताच तोच घाम हाडे गोठवतो. कापसाच्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला पटणे कठीण, पण सुती बनियन घाम धरून ठेवते व अंगाची ऊब हिरावून घेते. म्हणून लवकर वाळणारा आतला थर, त्यावर स्वेटर, सर्वांत वर पातळ विंडचीटर, आणि पिशवीत एक कोरडे बनियन. कानटोपी विसरणाऱ्याला पहिल्याच टोंकेवर तिची आठवण येते.

थर्मासचा भरवसा धरू नये. नवकारसी पाळणाऱ्याला सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत उकळलेल्या पाण्याचा घोटही वर्ज्य. आणि थंडी सर्वांत बोचरी असते ती त्याआधीच. त्या तासांत शरीराला आधार केवळ वस्त्रांचा.

या वस्त्रांची खरेदीही डोळे उघडे ठेवून करावी लागते. हलकी, फुगीर, उबदार जाकिटे पुष्कळदा बदकांच्या व हंसांच्या पिसांनी भरलेली असतात. दुकानदार ते आपणहून सांगेलच असे नाही. आतली चिठ्ठी वाचून कृत्रिम धाग्याचे भरण असलेले जाकीट घ्यावे. दमट हवेत ते पिसांपेक्षा अधिक टिकाव धरते. हातमोजे, पट्टा, पाकीट यांतले चामडे घरीच राहावे. कॅमेऱ्याचा गळपट्टा मात्र हटकून नजरेतून सुटतो. त्याजागी सुती किंवा नायलॉनचा लावता येतो. जुन्या फिल्मवरील थर तर जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांतून काढलेला असे. वाडवडिलांच्या यात्रेचे फोटो जपून ठेवणाऱ्या घरांतही ही गोष्ट क्वचितच ठाऊक असते. डिजिटल कॅमेऱ्याने तो प्रश्न आपोआप मिटविला.

थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेली बॅटरीही रिकामी भासते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाशी ठेवावी; ऊब मिळताच ती पुन्हा चालते. उतरून धर्मशाळेच्या उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा, म्हणजे दव पिशवीवर साचते, भिंगावर नाही. टोंकेच्या आत कॅमेरा बंदच बरा. चित्र मिळते ते बाहेर, धुक्यातून डोंगररांगा वर येऊ लागतात तेव्हा.

जालन्यातील एका घरी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नातवाने आपली पिशवी दुकानाच्या काट्यावर ठेवली. दोन लेन्स आणि तिपाई धरून सात किलो भरली. आजी डोलीने जाणार होत्या.

“तिपाई तुमच्या डोलीत ठेवू का?” त्याने विचारले.

“डोली काय वाऱ्याने चालते?” आजी म्हणाल्या, “माझाच भार त्या माणसांना पुष्कळ आहे.”

तिपाई आणि मोठी लेन्स माळ्यावर गेली. पार्श्वनाथ टोंकेबाहेरच्या कठड्यावर कोपर टेकवून, श्वास रोखून त्याने सूर्योदय टिपला. चित्र किंचित हलले आहे. घरच्या दिवाणखान्यात तेच लावले आहे.