दोन आकड्यांची सरासरी

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी गणित शिकवते. 'औसत' म्हणजे सरासरीचा धडा आला, की फळ्यावर दोन आकडे लिहिते: 944 आणि 74. 26 जुलै 2005 चा मुंबईचा पाऊस, मिलिमीटरमध्ये. पहिला सांताक्रूझ वेधशाळेचा, दुसरा कुलाब्याचा. मुलं चटकन सरासरी काढतात, 509. मग मी विचारते, "ये 509 कहाँ बरसा?" थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, "दोनों जगह नहीं, टीचर."

त्या वर्षी मी दहावीत होते, घाटकोपरला. शेजारच्या साकीनाक्याला दरड कोसळून कित्येक माणसं गाडली गेली. त्यांच्या दृष्टीने कुलाब्याच्या आकड्याला काय अर्थ होता? तो आकडा खोटा नव्हता. पण पर्जन्यमापक जिथे उभा असतो तिथलीच साक्ष देतो. जवळ भिंत किंवा झाड असेल तर तीही धड देत नाही. त्याच दिवशी विहार तलावावर 1,045 मि.मी. पाऊस मोजला गेला. म्हणजे सांताक्रूझलाही पूर्ण कथा ठाऊक नव्हती.

शिवाय दिवसाचा आकडा तासाचा पाऊस लपवतो. शहराचे जुने नाले ताशी 25 मि.मी. पावसाच्या हिशेबाने बांधलेले. 1993 च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ती क्षमता 50 करावी असं सुचवलं. त्या दुपारी सांताक्रूझला एका तासात 190 मि.मी. पडला!

2005 नंतर महापालिकेने ठिकठिकाणी, अनेकदा अग्निशमन केंद्रांवर, स्वयंचलित मापक बसवले. आता अंधेरी आणि मुलुंडचा पाऊस वेगळा कळतो. पण त्यांची नोंद वीसेक वर्षांचीच. शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पावसाचा अंदाज एवढ्यावरून बांधता येत नाही. त्यासाठी कुलाब्याची एकोणिसाव्या शतकापासूनची वहीच उघडावी लागते. एकीकडे जागा पुष्कळ पण वर्षं थोडी, दुसरीकडे वर्षं पुष्कळ पण जागा एकच. नियोजनाला दोन्ही हव्यात.

पिण्याच्या पाण्याचा हिशेब तर आणखी निराळा. सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोन लहान तलावच शहरात आहेत. बाकीचे ठाणे, पालघर, नाशिककडे. म्हणून 1 जुलै 2023 पासून, मुंबईत पाऊस सुरू असतानाही, 10 टक्के पाणीकपात झाली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि आपला आड शहापूर-मोखाड्याच्या डोंगरात आहे.

माझे बरेच विद्यार्थी टेकडीच्या उतारावर नाहीतर नाल्याकाठी राहतात. पावसाचा आकडा ऐकला की त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: कुठे मोजला, किती वेळात पडला, किती वर्षांपासून मोजतात? परीक्षेत याला गुण नाहीत. तरी मी हे दरवर्षी शिकवते.